ऑगस्टमधील भविष्यवेत्ते

ऑगस्ट उजाडला, की उत्तर लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबाच्या भक्तमंडळींत भविष्यकथनाची जी साथ पसरते, तिच्यापुढे आमच्या पंचांगकर्त्यांनीही हात टेकावेत. कारण पंचांगकर्त्यास निदान ग्रहगतीचा तरी आधार घ्यावा लागतो, या मंडळींस मात्र सरावाच्या सामन्यात एखाद्या नवागताने मारलेला एक गोल पुरेसा होतो. प्रशिक्षक बिल निकल्सन यांच्या अमदानीत, १९६१ साली, या क्लबाने इंग्लिश लीगचे अजिंक्यपद अखेरचे मिळविले ही गोष्ट दप्तरी नमूद आहे. परंतु तिचा अर्थ ‘तर मग आता पाळी आपलीच’ असा लावण्याचा तेथील रिवाज आहे. २०२४-२५ च्या हंगामारंभी प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांनी, आपण संघाबरोबरच्या दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतोच, असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्या विधानाची बरीच चेष्टा झाली. (चेष्टा करणाऱ्यांत भाविकही होतेच.) पुढे लीगमध्ये संघ सतराव्या स्थानी घसरला हे खरे, पण बिल्बाओ येथे मँचेस्टर युनायटेडचा पराभव करून त्याने युरोपा लीगचा करंडक आणला. इतक्या वर्षांच्या भाकितांत तंतोतंत उतरलेले हे एक, आणि ते वर्तविणारे गृहस्थ अवघ्या सोळा दिवसांत बडतर्फ झाले.