उडीआधीची पाहणी

कोकणातल्या एका कड्यावर परवा चार वीर उडीची पाहणी करत होते. पाहणी अगदी कसून: ऊन कुठल्या बाजूने येतंय, गॉगल कुठला शोभतो, मोबाइल कोणी धरायचा. पाणी तेवढं पाहायचं राहिलं. ‘निळं आहे म्हणजे खोल असणार’ हे त्यांचं सागरशास्त्र!

खाली कालवं फोडत बसलेल्या आजींना कोणी विचारलं नाही. त्यांचं गणित साधं, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. ओहोटीला खाली उतरलं की भरतीत झाकलेले सुळके उघडे दिसतात, लाटेची ओढ कळते आणि मुख्य म्हणजे परत वर चढायला वाट आहे की नाही तेही. (उडी मारणाऱ्याला हा शेवटचा प्रश्न पाण्यात पडल्यावर सुचतो.)

दहा मीटरवरून पाण्यावर आदळताना वेग तासाला पन्नास किलोमीटर असतो. खाली खडक असेल तर तो लाइक करत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणासुद्धा लोक ओहोटी पाहून करतात, आणि तिथे तर नुसतं चालायचं असतं.