साहेब जेवायला गेलेत

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावं. आपण आज्ञाधारक माणसं. पुण्यातल्या एका कॉलेजात पाटी तर लगेच लागली. आत टेबल, टेबलामागे साहेब, साहेबांकडे परीक्षा विभागाचाही चार्ज. आलेल्या प्रत्येक पोराला ते एकच सल्ला देतात: आधी पोलिसांकडे नोंदणी करून ये.

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत ही नोंदणी करायची. त्यासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी घरमालक. मालकाने परदेशी भाडेकरू आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. फॉर्मचं नाव काढलं की काका म्हणतात, "आम्ही फक्त फॅमिलीला देतो." भाडं वाढवून मिळणार असेल तर त्याच पोरात त्यांना अख्खी फॅमिली दिसते. फॉर्म तरीही राहतोच.

वर्गात वेगळीच गंमत. सर सुरुवात करतात झोकात इंग्रजीत. दहाव्या मिनिटाला "म्हणजे बघा" येतं आणि तिथून पुढे खरं शिकवणं सुरू होतं. विनोद तर शंभर टक्के मराठीत. टांझानियाचा पोरगा इतरांचे चेहरे बघून हसतो, अर्धा सेकंद उशिरा. आपल्याकडे समज असा की फॉरेनचा म्हणजे जन्मतःच इंग्रजी बोलणारा. त्याची प्राथमिक शाळा स्वाहिलीत झाली, इंग्रजी माध्यम माध्यमिकपासून. आपल्या झेडपीच्या शाळेतून आलेल्या पोरासारखाच तोही धडपडतोय, फक्त त्याच्या बाकावर कुजबुजून अर्थ सांगणारा गाववाला नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला महिनाभर भाषेचा वर्ग घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, "तरतूद नाही." आंतरराष्ट्रीय दिनाच्या मांडवाला मात्र तरतूद होती. तिथे कॉम्प्युटर शिकायला आलेल्या येमेनच्या पोराला तुमच्याकडचा नाच करून दाखव म्हणून गळ घातली गेली.

ह्याच शहरात कधीकाळी फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडलेला दिसला. परक्या गावात त्याच्या पथ्यपाण्याचं बघणारं कोणी नव्हतं. त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. तेव्हा असं धोरण नव्हतं, रँकिंग नव्हतं, कार्यालयाची पाटीसुद्धा नव्हती. एका प्राध्यापकाने वाकून बघितलं, एवढंच. आता वाकून बघायचं काम कुणाच्या जॉब चार्टमध्ये बसत नाही, त्यामुळे कोणाला कावीळ झालीच तर ग्रुपवर हेल्पलाइनचा नंबर टाकतात.

सगळंच वाईट चाललंय असं नाही हं. ह्या कॉलेजात एक खिडकी अशी आहे जिथे सूचना स्वच्छ इंग्रजीत असतात, माणूस हसून बोलतो, जेवणाच्या सुट्टीतही उठत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी तिथेच भरतात. इथल्या पोरांच्या कितीतरी पट.