जयंती आईची, सातबारा भावाचा

१२ जानेवारीला सिंदखेड राजात पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊंचं जन्मस्थान, गर्दी व्हायलाच हवी. पण याच बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या, २०११मध्ये ८५५ उरल्या. मधल्या दहाच्या दहा जयंत्या मात्र थाटात झाल्या. शिवबा आपल्या घरी हवा, जिजाऊ शेजाऱ्याच्या!

बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी अख्ख्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून पुरुषांचाही हिशेब मांडला. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, बाकीच्यांना झोंबलं. पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. बाईने उलट विचारलं की आपल्याला ऐकू यायला ९३ वर्षं लागतात.

आज ती तुलना करायला पुस्तकही नको, सातबारा पुरे. निंदण-खुरपण बाईचं, कापूसवेचणी बाईची, नाव बाप्याचं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला, देशाने २००५मध्ये. भाऊरायांनी त्यावर तोडगा काढला: हक्कसोड पत्र. वाटा मागितला तर “माहेर तुटलं म्हणून समज”, सोडला तर लुगडं-चोळी. वावराला इतका स्वस्त भाव दुसरा कोणता व्यापारी देईल?

समानतेला हातभार लावायचाय ना? मग बहिणीला सहीसाठी गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेऊ नका. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन तीस वर्षं उलटून गेली. सरपंच बाई असेल तर ग्रामसभेत तिची खुर्ची तिला द्या आणि ‘सरपंचपतीं’ना सतरंजीवर बसवा. सोनोग्राफीच्या आडून कुणी ‘पेढा की बर्फी’ विचारत असेल, तर तक्रार करा. तो काका असला तरी.

यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान ८ मार्चला ‘नारीशक्ती’चं स्टेटस ठेवू नका. तेवढा तरी बायकांचा छळ कमी होईल.