शोभेचा माठ आणि ऋषीची भाजी

गावाहून कधी आलात वहिनी? जरा भिंतीपाशी या. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत मी मोकळी आहे.

माझी लाल कुंडी दिसत नाही म्हणता? तुमच्या बिल्डिंगमध्ये बोलवा आहे म्हणे, चोरीला गेली म्हणून. चोरीला कसली जातेय, पोटात गेली! आमच्याच.

जूनमध्ये नर्सरीतून मी दोन रोपं आणली नव्हती का? दीडशेला एक. नर्सरीवाला ऐटीत म्हणाला, ‘अमरांथस’. मीही ऐटीतच रिक्षात मांडीवर घेऊन आले. दारातच सासूबाई: “माठ कशाला आणलास कुंडीतला? सोमवार बाजारात जुडी मिळते की!” म्हटलं, आई, हा शोभेचा आहे. त्या नुसतं “हं” म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आधी एक कुंडी मी मागच्या बाजूला ठेवलेली, टॉवरच्या सावलीत. पंधरा दिवसांत पानं हिरवट पडली. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून चमचाभर युरिया घातला. झालं! पानं झाली तळहाताएवढी, पण रंग पार गेला. लेक बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र शिकतेय, ती हसायलाच लागली. म्हणाली, आई, नत्र जास्त झालं की ही हिरवी होते, हिला खत कमी नि ऊन जास्त हवं. म्हणून मग दोन्ही कुंड्या इथे पुढे आणल्या, सहा तास ऊन येतं तिथे. नवीन पानं आली ती बघत राहावीत अशी. मधोमध लालभडक, कडेला पिवळी. तो रंग बिटाच्याच जातीचा म्हणे. म्हणून तर माठाच्या भाजीनं भात लाल होतो.

पाऊस मात्र हिला सोसत नाही हो. म्हणजे वरून पडलेला चालतो, खाली साचलेला नाही. जुलैतल्या त्या झोडपणाऱ्या आठवड्यात मी कुंड्या विटांवर चढवल्या, बुडाचं भोक खिळ्यानं मोकळं केलं. नाहीतर मुळं कुजून रोप एका रात्रीत मान टाकतं. आणि अळी! पानं जाळ्यात गुंडाळून आत बसते, बाहेरून पत्ता लागत नाही. गुंडाळलेली पानं तोडून टाकायची, लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल नि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं. दुसरं काही मी मारलंच नाही, आणि नशीब माझं, नाही मारलं. पुढे ऐकाच.

गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना दोन कुंड्या ठेवल्या. येणारा जाणारा आधी त्या बघायचा, मग बाप्पाला नमस्कार. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. हे सकाळी बाजारातून अळू, भेंडी, पडवळ, मका सगळं घेऊन आले, माठाचे देठ तेवढे नाहीत. संपले म्हणे. ऋषीच्या भाजीत माठ नाही म्हणजे आमच्या सासूबाईंच्या लेखी ती भाजीच नाही! मी आंघोळीला गेले, बाहेर आले तर मखराच्या एका बाजूला कुंडी, दुसऱ्या बाजूला नुसता खुंट. आणि आई विळीवर बसून देठ सोलताहेत.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “शोभेचा नि पोटाचा माठ वेगळा असतो काय? ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, दारचं लागतं. ह्याला बैल लागला? रिक्षा लागली. चालतं!”

काय बोलणार? लेकीकडे बघितलं, तर ती आजीच्या बाजूने. तिचं शास्त्रही तेच सांगतं: भाजीचा लाल माठ नि हा रंगीत माठ, जात एकच. वर आणखी ऐकवलं, माठ आपल्या आशियातलाच, पण उपासाचा राजगिरा अमेरिकेहून आलाय. मेक्सिकोत आझ्टेक लोक म्हणे त्याचं पीठ मधात मळून देवाच्या मूर्ती करायचे नि मग त्या खायचे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते बंद पाडलं. राजगिऱ्याची चिक्की मात्र तिकडे अजून मिळते, तिला ते ‘आनंद’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. बटाटा, रताळं, शेंगदाणे, तेही सगळे तिकडचेच! आपल्या एकादशीचं अर्धं ताट परदेशी आहे वहिनी, आणि मी नर्सरीतल्या माठाला जपत बसले.

भाजी? उत्तम झाली होती. मीच दोनदा घेतली. पण नर्सरीतून आणल्या आणल्या कुणी असं खाऊ नका बरं, त्यांनी काय काय फवारलेलं असेल कोण जाणे. आमचं रोप अडीच-तीन महिने घरात वाढलेलं, म्हणून चाललं.

आता गंमत बघा, त्या खुंटाला चार फुटवे आलेत. ही बघा, इथे कोपऱ्यात लपवून ठेवलीय कुंडी. आणि दुसरी तुऱ्यावर येतेय. तुरा आला की पानांचा रंग उतरतो, पण खुडणार नाही, बी धरायचंय. मोहरीहूनही बारीक असतं, चमचाभरात हजारो दाणे. तुम्हाला पुडी देते. मेअखेर पेरा, वाळूत कालवून, नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. वर माती नुसती भुरभुरवायची. चार पानं झाली की वेगळं करा, मोठं झाल्यावर हलवलं तर रुसतं.

ही झाली बघा तिसरी शिट्टी! जाते. कुंड्या तुमच्या गच्चीवर ठेवा वहिनी, ऊनही चांगलं आहे नि आमच्या आईंना जिने चढवत नाहीत.