रीसेलअण्णा

डोंबिवलीत नव्या माणसाला दोन प्रश्न विचारतात: ईस्ट की वेस्ट, आणि स्टेशनपासून किती मिनिटं? आमचे अण्णा तिसरा विचारतात, "रीसेलला कशी आहे?" लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसले तरी पहिल्या घासाआधी त्यांनी हॉलचा कार्पेट एरिया काढलेला असतो. सोसायटी त्यांना रीसेलअण्णा म्हणते. त्यांना त्याचा राग नाही. बाजारात नाव असलेलं बरं, असं त्यांचं मत.

अण्णा स्वतःच्या घरात राहतात, पण स्वतःसाठी राहत नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतात. हे गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. पण त्याच्या आवडीनिवडी अण्णांना सख्ख्या जावयाच्या असाव्यात तशा तोंडपाठ आहेत. त्याला पूर्वेचा दरवाजा लागतो. अण्णा स्वतः कट्टर नास्तिक; सोसायटीच्या सत्यनारायणाला फक्त शिऱ्यापुरते येतात. "पण मी नास्तिक असून उपयोग काय? गिऱ्हाईक आस्तिक असतं." त्याला गाडी लावायला जागा लागते. अण्णांकडे सायकलसुद्धा नाही. तरी त्यांनी पार्किंग घेतलंय, आणि रोज सकाळी खाली जाऊन तिथे दुसऱ्या कोणी स्कूटर टेकवली नाही ना, ते पाहून येतात. गिऱ्हाइकाला भिंतीत खिळ्यांची भोकं चालत नाहीत. म्हणून अण्णांचे आईवडील फ्रेमसकट फ्रिजवर उभे आहेत. कॉम्प्रेसर सुरू झाला की दोघंही थरथरतात.

वहिनींना स्वयंपाकघराला पिवळा रंग हवा होता. ऑफ-व्हाइट मिळाला. "पिवळा सगळ्यांनाच आवडतो असं नाही," अण्णा म्हणाले. "मला आवडतो ना," वहिनी म्हणाल्या. यावर अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू चर्चेत भलताच माणूस घुसला.

खरी कमाल झाली ती २०२१ साली, निवृत्तीनंतर. नोकरीभर अण्णांचं ऑफिस फोर्टात आणि घर स्टेशनपासून लांब, शेअर रिक्षाच्या रांगेच्या शेवटच्या टोकाला. स्टेशनजवळचं परवडत नव्हतं. आता लोकल सुटली. वहिनींनी सुचवलं, बदलापूरला जाऊ. तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त आणि खिडकीतून डोंगर. अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घातले आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर फ्लॅट घेतला.

"अहो, आता तुम्हाला स्टेशन कशाला?"

"मला नकोच आहे. त्याला ऑफिसला जायचं असतं ना!"

विल्यम अलोन्सो नावाच्या अभ्यासकाने १९६४ साली शहरातल्या जमिनीच्या भावावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं, की माणूस जवळच्या जागेला जास्त पैसे मोजतो ते वाचलेल्या प्रवासाचे. त्या हिशेबाने अण्णांनी पाच मिनिटांची जागा एखाद्या नोकरदाराला सोडून बदलापूरचा डोंगर बघत बसायला हवं होतं. पण अण्णा अलोन्सोच्या पंथातले नाहीत, अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या पंथातले आहेत. केन्सने १९३६ साली शेअर बाजाराला वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेची उपमा दिली होती. शंभर फोटोंतले सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड बहुमताशी जुळेल त्याला बक्षीस. मग शहाणा माणूस स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, इतरांना आवडेल असं वाटतं तो निवडतो. अण्णांनी केन्स वाचलेला नाही. त्यांनी नुसते सँपल फ्लॅट पाहिलेत.

खरेदीच्या वेळचा एक किस्सा सोसायटीत अजून सांगतात. त्या वर्षीच्या एप्रिलपासून राज्य सरकारने नवी सवलत दिली होती: घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. साठ लाखांच्या घरावर साठ हजार. वहिनींचं नाव दारावर लागणार म्हणून शेजारणींनी पेढे मागितले. मग अण्णांनी अट वाचली: पुढची १५ वर्षं हे घर पुरुषाला विकता येणार नाही. "गिऱ्हाईक पुरुष निघालं तर?" म्हणून त्यांनी साठ हजारांवर पाणी सोडलं आणि घर स्वतःच्या नावावर केलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारने ती अट काढायचं जाहीर केलं. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. वहिनी मात्र दोन पोळ्या जास्त जेवल्या.

मी त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. अण्णांना माझी दया येते. "भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा!" एकदा मी कागदावर हिशेब मांडला. घराची किंमत आज सत्तर लाख धरा. भाडं महिना सतरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार. किमतीच्या तीन टक्केसुद्धा नाही. किमतीएवढं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलं, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज सहा लाखांच्या घरात. मग पाण्यात कोण घालतंय?

"आणि वाढ?" अण्णांनी एकच शब्द टाकला. वाढ म्हणजे मेट्रो, पूल, विमानतळ. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी २०१८ ची, उद्घाटन २०२५ चं. पण बिल्डरांच्या जाहिरातींत विमानं त्याच्या कितीतरी आधीपासून उडत होती, आणि भावही त्यांच्याबरोबर. जी सोय व्हायची आहे तिचे पैसे आधीच वसूल झालेले असतात, हे मी सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "झाले असतील. पण पुढच्याला कुठे माहीत आहे?"

परवा तो पुढचा आला. अण्णा अधूनमधून "बाजार तपासायला" जाहिरात टाकतात, तीत सापडलेला. चांगला तरुण मुलगा होता. अण्णांनी मलाही बोलावून घेतलं. मुलाने दाराची दिशा मोबाइलवर तपासली, भिंतीवर टिचक्या मारल्या, पार्किंग पाहिलं. गाडी नव्हतीच त्याच्याकडे. अण्णांचा ऊर भरून आला. मग मुलाने आदराने विचारलं, "काका, रीसेलला कशी आहे?"

अण्णांनी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. हा फ्लॅट त्यालाही पुढच्यासाठीच हवा होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. "त्यांना राहायचं नाही, तुम्हाला राहायचं नाही. मग या घरात राहायचं कोणी?"

"भाडोत्र्याने!" दोघं एका सुरात म्हणाले, आणि माझ्याकडे वळले.

"तुम्ही सध्या किती देता हो?" मुलाने विचारलं.