बोंबलाचा डेटा कोण देणार?

हौशी प्रोग्रामरची दीक्षा ठरलेली असते. आधी १९३६ पासून चालत आलेली आयरिस डेटासेटातली १५० फुलं तीन जातींत वाटायची. मग १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवरचं कोण वाचलं, ते ८९१ प्रवाशांच्या यादीवरून ‘ओळखायचं’. विरंगुळा म्हणून सापाचा गेम: साप खातो, लांबतो, भिंतीवर आपटून मरतो. एवढं झालं की गडी ‘एआय इंजिनियर’ म्हणून मिरवायला मोकळा.

साजगावात बसून हे करण्यात तर विशेष गंमत. कार्तिकी एकादशीला इथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. देव पंढरीचा आणि बाजार सुक्या मासळीचा. बोंबील, सोडे, सुकट यांचे ढीग लागतात. मावशी मूठभर सुकट तळहातावर पसरते, बोटाने चाळते, नाकाशी नेते आणि वाळू किती, ओल किती, सांगून टाकते. न्यूरल नेटवर्कला नाक नाही आणि या यात्रेतल्या सुकटीचा डेटासेट कुणी डाउनलोडला ठेवलेला नाही. म्हणून आमचा पठ्ठ्या यात्रेकडे पाठ करून परदेशी पाकळ्या मोजतो. अचूकता ९८ टक्के! का नसेल? ज्या फुलांवर मॉडेल शिकलं, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली. क्लासात सोडवलेलेच प्रश्न पेपरात आले, तर नापास कोण होणार?

मंडळी, मॉडेल नंतर करा. या कार्तिकीला वही घेऊन बाजारात फिरा. वाण, भाव, ओल लिहून ठेवा. जे हाती लागेल, ते दुसऱ्या कुणाकडे नसेल. आणि गेमच खेळायचा असेल, तर मावशीशी घासाघीस करून जिंकून दाखवा.