आधी झाड उलटं करून दाखव!

परळीचं पोरगं रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मोबाइलवर कोडिंगच्या मुलाखतीत विचारतात ते ‘बायनरी ट्री’ नावाचं झाड घोकत पुण्याला येतं. सकाळी हिंजवडीतला साहेब म्हणतो, हे झाड उलटं करून दाखव. पोरगं दाखवतं, नोकरी लागते. मग दोन वर्षं कुठल्याशा परदेशी बँकेच्या पानावरचं बटण निळ्याचं हिरवं आणि क्लायंटचं मन फिरलं की हिरव्याचं निळं. झाडाचा विषय पुन्हा निघत नाही.

हे भोग फक्त आपल्याच पोरांचे नाहीत. मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरला 2015 साली गूगलनं नाकारलं. तुमचे बहुतेक इंजिनिअर मीच लिहिलेलं ‘होमब्रू’ हे सॉफ्टवेअर वापरतात, पण मला फळ्यावर झाड उलटं करता येत नाही म्हणून मी बाद, असं त्यानं जाहीरपणे सुनावलं.

परळीच्या पोराच्या बीड जिल्ह्यात भरतीची याहून जुनी रीत आहे. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम येतो, उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. कोयता कसा चालतो ते फडात कळतंच. उसाची व्याख्या सांग, असं तो म्हणत नाही. एवढी अक्कल आयटीनं घ्यायला हरकत नव्हती. घेतली भलतीच: उचल फिटेपर्यंत माणूस सोडायचा नाही, ही. फ्रेशरला बॉण्ड, पुढं 90 दिवसांचा नोटीस पीरियड. आणि स्वतःच्या माणसाला तीन महिने न सोडणारी कंपनी दुसऱ्याच्या माणसाला विचारते, “सोमवारी जॉइन होणार का?” (बरोबरी नाही हो. इथं एसी असतो, पाचटाच्या कोपीत झोपावं लागत नाही.)

याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये शिरले ते ऑफिस बॉय म्हणून. संगणकावर बसलेल्यांना बघून डिझाइनकडे वळले, शिकले, स्वतःची कंपनी काढली. लॉकडाउनमध्ये गावाकडं डोंगरावरच्या गोठ्यात ऑफिस थाटलं, कारण नेटवर्क तिथं मिळायचं. त्यांना झाड उलटं करायला कुणी सांगितलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे. आता करिअर मार्गदर्शन शिबिराचा नारळ त्यांचं नाव घेतल्याशिवाय फुटत नाही. टाळ्या थांबल्या की मार्गदर्शक सर मुद्द्यावर येतात: मुलाखतीच्या तयारीचा क्लास, फी तीन हप्त्यांत, पहिला हप्ता मंडपातच.